हंगाम, परवाना आणि मनाई : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात शिकारविषयक कायद्यांचे चिकित्सक वाचन

बीजसंज्ञा : शिकार, बंदी काळ, परवाना, उपद्रवी प्राणी, मालगुजारी तलाव, रानडुक्कर, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२

प्रस्तावना

भारतातील शिकारविषयक कायद्यांचा इतिहास सामान्यतः एका सरळ रेषेत सांगितला जातो. प्रथम साहेबाची व संस्थानिकाची अनिर्बंध शिकार, नंतर नियमन, शेवटी संपूर्ण मनाई. म्हणजे क्रौर्याकडून करुणेकडे झालेली वाटचाल, असे या मांडणीचे स्वरूप असते. या मांडणीत तथ्य आहे, परंतु ती अपुरी आहे. कोणता प्राणी मारावा हा प्रश्न कायद्याने जितक्यांदा सोडवला, तितक्यांदा कोणी मारावा हाही प्रश्न त्याने न बोलता सोडवला. तसेच मनाई सर्वंकष झाली तेव्हा हंगाम, संख्या, मादी व पिल्लू यांचे रक्षण आणि नोंद या चार गोष्टी शिकारीबरोबरच कायद्यातून बाहेर गेल्या. मारण्याची परवानगी मात्र एका वेगळ्या कलमात शिल्लक राहिली.

या विसंगतीचे परिणाम जेथे प्रत्यक्ष दिसतात अशा प्रदेशांपैकी भंडारा जिल्हा हा एक होय. तलावांचा जिल्हा म्हणून त्याची ओळख आहे, धान हे त्याचे मुख्य पीक आहे आणि जंगल व बांधी यांच्यामध्ये येथे फार अंतर नाही. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत नागझिरा व नवेगाव ही दोन्ही वने याच जिल्ह्यात होती. आजच्या भंडारा जिल्ह्यात कोका अभयारण्य (२०१३) असून, पवनी तालुक्याच्या बाजूने उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य (२०१२) आहे. प्रस्तुत निबंधात १९१२, १९७२, १९९१ व २०२२ या चार टप्प्यांवरील कायद्याच्या शब्दांचे वाचन या भूमीच्या संदर्भात केले आहे.

मनाईची प्राचीन परंपरा

प्राणिहत्येस राजाज्ञेने बंदी घालणे ही आधुनिक कल्पना नाही. पवनी हे प्राचीन बौद्ध स्थळ असून तेथील स्तूपाचे अवशेष उत्खननाने प्रकाशात आले आहेत. त्या परिसरापासून फार दूर नसलेल्या, चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील देवटेक येथे एक कोरीव शिळा मिळाली. तिच्यावरील जुन्या ब्राह्मी लेखात प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी आज्ञा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या लेखाचा संबंध अशोकाच्या धर्ममहामात्रांशी जोडला. त्याच शिळेवर पुढे वाकाटक नृपती रुद्रसेन पहिला याच्या काळातील दुसरा लेख कोरला गेला. म्हणजे एका आज्ञेच्या दगडावर दुसऱ्या राजवटीने आपली अक्षरे उमटवली.

अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखातील तपशील येथे विशेष उद्बोधक आहे. त्यात अवध्य प्राण्यांची यादी आहे. त्याखेरीज गाभण व दूध देणाऱ्या माद्या आणि सहा महिन्यांच्या आतील पिल्ले यांना अभय आहे, आणि विशिष्ट तिथींना मासे मारू वा विकू नयेत असाही आदेश आहे. यादी, वय, लिंग आणि काळ या चारही कसोट्या येथे एकत्र येतात. आधुनिक कायद्याने याच कसोट्या प्रथम स्वीकारल्या आणि नंतर त्यांतील तीन सोडून दिल्या.

१९१२ : हंगामाचा कायदा

१८८७ च्या पक्षिसंरक्षण कायद्याची जागा घेणारा वन्य पक्षी व प्राणी संरक्षण अधिनियम १९१२ मध्ये संमत झाला. त्या वेळी भंडारा हा मध्यप्रांतातील जिल्हा होता. अधिनियमाचा गाभा ‘बंदी काळ’ ही संकल्पना होय. अनुसूचीतील कोणत्याही जातीसाठी संपूर्ण वर्ष किंवा वर्षाचा काही भाग बंदी काळ म्हणून घोषित करण्याचा अधिकार प्रांतिक शासनास देण्यात आला. त्या काळात पकडणे, मारणे, एवढेच नव्हे तर नुकत्याच मारलेल्या प्राण्याची खरेदी-विक्री करणे हाही अपराध ठरला. पहिल्या अपराधास पन्नास रुपयांपर्यंत दंड होता.

या अनुसूचीतील नावे वाचताना तिचा खरा हेतू लक्षात येतो. तीत बदके, तित्तिर, मोर, रानकोंबडी, माळढोक आहेत. हरणे, काळवीट, गवे, रानम्हशी, ससे आहेत. वाघ व बिबट्या मात्र नाहीत. बंदुकीच्या छंदाला पुढच्या वर्षीही सावज मिळावे एवढीच या संरक्षणाची व्याप्ती होती; ज्या प्राण्याला मारल्यास सरकार बक्षीस देत असे, त्याला बंदी काळ असण्याचा प्रश्नच नव्हता. स्वसंरक्षणासाठी, दुसऱ्याच्या रक्षणासाठी किंवा मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणासाठी केलेली हत्या अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवली होती. पुढे शंभर वर्षे कायद्याला छळणारा पिकांच्या रक्षणाचा प्रश्न या एका अपवादात सामावलेला आहे.

हंगामाची कल्पना तत्त्वतः शास्त्रीय आहे. परंतु तिचे वेळापत्रक कोणत्या निसर्गावरून ठरते हा प्रश्न उरतो. भंडाऱ्यातील मालगुजारी तलाव व बोड्या यांवर हिवाळ्यात येणारी स्थलांतरित बदके उत्तरेकडे जाऊन प्रजनन करतात. उलट अडई, हळदी-कुंकू, काणूक यांसारखे पाणपक्षी पावसाळ्यात येथेच वीण करतात, आणि सारस धानाच्या बांधीत किंवा पाणथळीत घरटे करतो. एकाच तलावावर दोन पंचांगे चालतात. त्यांतील एक शिकाऱ्याच्या सोयीचे असते, कारण पाहुणे पक्षी असतात तोच थंडीचा काळ शिकारीला अनुकूल. दुसरे पंचांग रोवणी करणाऱ्या बाईला आणि मासे धरणाऱ्या धीवराला ठाऊक असते. राजपत्राला मात्र ते ठाऊक असतेच असे नाही.

परवान्याचा अधिकारी कोण ?

हंगाम कधी हे १९१२ च्या अधिनियमाने सांगितले. कोणी शिकार करावी हे वनकायद्याने व शस्त्रकायद्याने ठरवले. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात शासनाच्या नियमांविरुद्ध शिकार करणे, मासे मारणे, पाण्यात विष कालवणे, फासे वा सापळे लावणे हा अपराध आहे. एका ओळीत आलेली ही क्रियापदे एकाच तराजूत तोलली जात नव्हती. गोळीबाराला परवाना मिळू शकत होता. तो शुल्क भरून, वनखात्याने आखलेल्या गटापुरता व मुदतीपुरता मिळे. फासे मात्र ज्याच्या हातात होते त्याला अर्ज, शुल्क आणि कार्यालय या तिन्ही गोष्टी दूरच्या होत्या.

रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्यप्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात पारध्यांच्या फासे लावण्याच्या कौशल्याचे वर्णन आहे. त्याच काळात गुन्हेगार जमाती कायद्याचे सावट अशा भटक्या समूहांवर होते. एकच कृती साहेबाच्या हातून घडली की क्रीडा आणि पारध्याच्या हातून घडली की चोरी ठरावी, ही कायद्याची केवळ अंमलबजावणीतील त्रुटी नव्हती. ती परवाना या संकल्पनेच्या रचनेतच होती. परवाना म्हणजे निषिद्ध कृती करण्याची व्यक्तिगत मुभा. समूहाच्या वहिवाटीला परवाना मिळत नाही, कारण अर्जाच्या नमुन्यात तिच्यासाठी रकाना नसतो.

शेतकऱ्याची स्थिती या दोहोंच्या मधली होती. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये पिकांच्या प्रामाणिक रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. येथे कायदा शेतकऱ्याला शिकारी मानत नाही, रखवालदार मानतो. आणि त्याच्या हाती जुन्या पद्धतीचे, एकदा झाडून पुन्हा भरावे लागणारे शस्त्र देतो. क्रीडेचा परवाना आणि पिकाचा परवाना यांतील हा भेद पुढे १९७२ च्या अधिनियमातही कायम राहिला.

१९७२ : नियमनाचा सर्वांत परिपूर्ण मसुदा

१९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम संमत झाला. विषय राज्यसूचीतील असल्याने तो संविधानाच्या अनुच्छेद २५२ नुसार राज्यांच्या ठरावांच्या आधारे करण्यात आला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने व वन्यजीव हे विषय समवर्ती सूचीत आले. मूळ अधिनियमात शिकार सरसकट निषिद्ध नव्हती, ही गोष्ट आज बहुधा विस्मृतीत गेली आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांची शिकार पूर्णतः निषिद्ध होती. दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या अनुसूचींतील प्राण्यांसाठी परवाना घेता येत असे. विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि सापळा लावून पकडणे असे परवान्याचे चार प्रकार कलम ९ मध्ये होते. पाचव्या अनुसूचीत कावळा, उंदीर, फळे खाणारी वटवाघळे असे ‘उपद्रवी’ प्राणी होते. त्यांना कोणतेच संरक्षण नव्हते.

वन्यजीवांच्या दृष्टीने या मसुद्याचे खरे वैशिष्ट्य परवान्यांत नसून त्यांच्यावरील बंधनांत आहे. परवानाधारकाने मारलेल्या वा पकडलेल्या प्राण्यांची नोंद ठेवावी, असे कलम १० सांगत होते. पिल्ले व माद्या यांच्या शिकारीवर कलम १५ चा निर्बंध होता. कलम १६ नुसार शासन बंदी काळ घोषित करू शकत होते. कलम १७ मध्ये शिकारीच्या रीतीवरील निर्बंध होते : वाहनातून शिकार नको, कृत्रिम प्रकाशाचा वापर नको, सूर्यास्तानंतर नको, विष वा स्फोटके नकोत, रान पेटवून नको, पाणवठ्यावर दबा धरून नको. प्रत्येक निर्बंधामागे त्या काळी रूढ असलेली एकेक अनिष्ट पद्धत आहे. या दृष्टीने कलम १७ हे स्वातंत्र्योत्तर दोन-अडीच दशकांतील जंगलाच्या विध्वंसाचा संक्षिप्त वृत्तान्तच आहे. जीप व प्रखर दिवे यांनी काय केले याची साक्ष त्याच्या शब्दांत आहे.

या मसुद्याची उणीव अशी की ही सर्व नीती परवानाधारकासाठी होती आणि परवानाधारक हा संख्येने नगण्य वर्ग होता. ज्यांना परवाना मिळणे शक्यच नव्हते त्यांच्याबाबत कायदा केवळ अपराधाची भाषा बोलत होता.

१९९१ : वगळलेली कलमे

१९९१ च्या ४४ व्या अधिनियमाने कलम ९ बदलले. पहिल्या चारही अनुसूचींतील प्राण्यांची शिकार निषिद्ध झाली आणि शिकारीचा परवाना ही व्यवस्थाच संपली. तिच्याबरोबर कलम १० आणि कलम १३ ते १७ वगळण्यात आली. हे तर्कसंगतच वाटते. शिकार नाही तर हंगाम कशाला, परवाना नाही तर नोंद कसली, असा हा तर्क होता.

हा तर्क एका जागी तुटतो. कलम ११ कायम राहिले. पहिल्या अनुसूचीतील प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका अपंग वा रोगग्रस्त असेल, तर मुख्य वन्यजीवरक्षक कारणे नमूद करून लेखी आदेशाने त्याच्या शिकारीस परवानगी देऊ शकतो. अन्य अनुसूचींतील प्राणी उभ्या पिकांसह मालमत्तेस धोकादायक झाले असतील तर मुख्य वन्यजीवरक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी तशी परवानगी देऊ शकतो. म्हणजे क्रीडेचा परवाना गेला, रक्षणाची परवानगी उरली. परंतु वगळलेल्या कलमांतील हंगाम, मादी-पिल्लू, रीत व नोंद यांविषयीची बंधने क्रीडेच्या परवान्याशी बांधलेली होती; तो गेल्यावर ती रक्षणाच्या परवानगीकडे हस्तांतरित झाली नाहीत. आज अशा परवानगीवर ज्या अटी असतात त्या शासनाच्या आदेशावर अवलंबून असतात. अधिनियम कारणे लिहावयास सांगतो. ऋतू पाहावयास सांगत नाही.

२०२२ च्या दुरुस्तीने (अंमल १ एप्रिल २०२३ पासून) सहा अनुसूचींच्या चार केल्या. प्राण्यांसाठी पहिली व दुसरी अशा दोन अनुसूची राहिल्या आणि उपद्रवी प्राण्यांची स्वतंत्र अनुसूची नाहीशी झाली. मात्र कलम ६२ नुसार केंद्र शासन एखाद्या प्राण्यास विशिष्ट क्षेत्रापुरते व मुदतीपुरते उपद्रवी घोषित करू शकते. २०१५-१६ मध्ये बिहारमध्ये नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकड यांबाबत अशा अधिसूचना निघाल्या होत्या. अशी घोषणा झाली की त्या क्षेत्रात व त्या मुदतीत तो प्राणी शिकारीच्या मनाईतून बाहेर पडतो. काल संरक्षित असलेला प्राणी आज कोणीही मारावा आणि मुदत संपताच पुन्हा संरक्षित व्हावा, अशी ही दोन टोके आहेत. त्यांच्या मधली, नियमनाची जागा १९९१ पासून रिकामी आहे.

बांधीच्या कडेचा कायदा

या रिकाम्या जागेचा अर्थ भंडाऱ्यातील धानाच्या बांधीवर समजतो. धान लोंबीवर आले की रानडुकरांचे कळप रात्री शेतात उतरतात. खाल्ले जाते त्यापेक्षा तुडवले जाते ते अधिक. शेतकऱ्यासमोर कायदेशीर मार्ग तीन : जागल करणे, नुकसानभरपाईचा अर्ज करणे, किंवा कलम ११ खाली परवानगी मागणे. जागलीत जिवाचा धोका आहे, विशेषतः वाघ-बिबट्यांचा वावर असलेल्या पवनी, साकोली, लाखनी भागांत. भरपाई पंचनाम्यानंतर मिळते. पीक मात्र पंधरवड्यात कापावयाचे असते. परवानगी मिळाली तरी बंदूक असणारा व ती चालवता येणारा माणूस गावात असावा लागतो.

याला चौथा, बेकायदेशीर मार्ग म्हणजे कुंपणाच्या तारेत सोडलेला चोरटा वीजप्रवाह. तो हंगाम पाहत नाही, मादी-नर पाहत नाही, जात पाहत नाही. माणूसही पाहत नाही. नागझिऱ्यात जन्मलेला आणि उमरेड-कऱ्हांडल्यात स्थिरावलेला ‘जय’ हा प्रसिद्ध वाघ एप्रिल २०१६ नंतर दिसला नाही. त्याचा छावा ‘श्रीनिवास’ एप्रिल २०१७ मध्ये नागभीड परिसरात शेताच्या वीजतारेने मृत्युमुखी पडला. ज्या तालुक्यातील शिळेवर प्राणी पकडू व मारू नयेत अशी आज्ञा कोरलेली आहे, त्याच तालुक्यातील ही घटना आहे. आज्ञा असणे आणि ती पाळता येईल अशी व्यवस्था असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

अधिनियमातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्याही येथे विचारात घ्यावी लागते. पकडणे, मारणे, विष देणे, फासे वा सापळा लावणे, हाकणे, तसा प्रयत्न करणे आणि पक्षी वा सरपटणारे प्राणी यांची अंडी वा घरटी विस्कटणे हे सर्व शिकारच होय. संरक्षणाच्या दृष्टीने ही व्यापकता आवश्यक आहे. परंतु तिच्यामुळे हौशी नेमबाज, तस्कर, पोटासाठी ससा धरणारा आणि बांधीतील सारसाचे घरटे हलवणारा शेतकरी हे सारे एकाच संज्ञेखाली येतात. हेतूंतील हा भेद परवान्याची जुनी व्यवस्था विषम रीतीने का होईना मान्य करत होती. मनाईच्या व्याख्येत तो पुसला गेला.

ज्ञानाचा प्रश्न

शिकारीबरोबर एक ज्ञानव्यवस्थाही कायद्याबाहेर गेली. माग, हाका, मचाण, वाघूर, फासे, सावज हे शब्द केवळ हिंसेचे नाहीत. त्यांत प्राण्यांच्या सवयी, ऋतू व वाटा यांचे निरीक्षण साठलेले आहे. नवेगाव भंडारा जिल्ह्यात असताना तेथे वनाधिकारी म्हणून काम केलेल्या मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांच्या लेखनाचे महत्त्व या दृष्टीने पुन्हा तपासण्यासारखे आहे. मराठी समीक्षेने त्यांना प्रामुख्याने निसर्गाचा लालित्यपूर्ण लेखक म्हणून वाचले. पण ‘पक्षीकोश’ व ‘शब्दांचं धन’ यांसारख्या ग्रंथांतून रानातल्या माणसांचे शब्द त्यांनी मराठीत आणले, आणि ते ज्या व्यवस्थेचे अधिकारी होते ती त्याच माणसांना अपराधी ठरवू शकणारी होती. हा ताण त्यांच्या लेखनाच्या मुळाशी आहे आणि समीक्षेने तो पुरेसा वाचलेला नाही.

वनहक्क अधिनियम २००६ नेही हा ताण सोडवला नाही. मासे व पाण्यातील अन्य उत्पादनांवरील सामूहिक हक्क त्याने मान्य केले. धीवर समाजाच्या जिल्ह्यात ही तरतूद मोलाची आहे. परंतु पारंपरिक हक्कांची यादी करताना शिकार करणे व फासे लावणे यांना स्पष्टपणे वगळले. हे वगळणे योग्य मानले तरी, त्या परंपरेतील ज्ञान संरक्षणाच्या कामी कसे यावे याविषयी कायदा मौन बाळगतो.

परदेशाचा दाखला व त्याची मर्यादा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वन्यप्राणी हे जनतेच्या वतीने राज्यांकडे असलेली ठेव मानले जातात. प्रत्येक राज्य हंगाम, परवाना व शिकारीच्या संख्येची मर्यादा स्वतंत्रपणे ठरवते आणि परवानाशुल्क वन्यजीवव्यवस्थापनावर खर्च होते. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शस्त्रे व दारूगोळ्यावरील कराचे उत्पन्नही या कामाकडे वळवले. हा दाखला भारतात क्रीडाशिकार पुन्हा सुरू करण्यासाठी दिला जातो. तो मान्य करण्याजोगा नाही. तेथील विस्तीर्ण भूमी, विरळ वस्ती व बंदुकीचा व्यापक प्रसार येथे नाही. आणि येथे परवान्याचा इतिहास विषमतेचा आहे. मात्र एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मारण्याची मुभा आणि मोजण्याची सक्ती तेथे एकत्र चालतात; दर हंगामाची मर्यादा मागील नोंदींवर उभी असते.

समारोप

वरील वाचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, १९१२ ते १९९१ या काळातील नियमन वर्गभेदावर आधारलेले होते. म्हणून त्याचा अंत समर्थनीयच होय. दुसरा, त्या नियमनातील हंगाम, मादी-पिल्लांचे रक्षण, रीतीवरील निर्बंध व नोंद ही तत्त्वे शिकाऱ्याच्या हिताची नव्हती, प्राण्याच्या हिताची होती. ती परवान्याबरोबर टाकून देण्याचे कारण नव्हते. तिसरा, कलम ११ व कलम ६२ खालील हत्येस आज याच तत्त्वांची गरज आहे. रानडुकराच्या परवानगीसाठी ऋतूची, पिल्ले असलेल्या मादीस वगळण्याची आणि मारलेल्या प्रत्येक प्राण्याची ग्रामसभेसमोर उघड नोंद ठेवण्याची अट अधिनियमातच असावी. ती आदेशागणिक बदलू नये. चौथा, परवानगी वेळेत मिळाली आणि ती अमलात आणणारे प्रशिक्षित पथक शासनाने दिले, तरच वीजतारेचा मार्ग मागे पडेल. परवानगीचा कागद शेतकऱ्याच्या हाती ठेवून बंदूक शोधण्याचे काम त्याच्यावर सोपवणे म्हणजे नियमन नव्हे.

१९१२ च्या अधिनियमाला प्राण्यांविषयी ममता नव्हती, परंतु काळाचे भान होते. आजच्या अधिनियमाला ममता आहे. पण धान लोंबीवर येण्याचा आणि सारस अंड्यांवर बसण्याचा काळ त्याच्या पानांत कोठेही नाही. भंडाऱ्याच्या बांधीवर मात्र शेतकरी आणि रानजनावर या दोघांचेही जगणे त्याच काळावर अवलंबून आहे.